गादीवरचं मशीन

गुलनारचा उजवा हात थरथरतो, म्हणून विपुलभाऊंनी तिला कामावरून काढलं. सहा वर्षं अमरावतीला फुफीकडे, म्हणजे आत्याकडे राहून ती त्यांच्या कारखान्यात शेतातल्या मोटारीच्या ऑटो स्टार्टरचे सर्किट बोर्ड भरत होती. मोहरीहून बारीक पार्ट चिमट्याने उचलायचा, नेमक्या जागी ठेवायचा, की लगेच पुढचा. कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग तोच हात हलू लागला. धोका नाही, पण हे जाणारही नाही, असं सांगून डॉक्टर मोकळे झाले. विपुलभाऊ त्याहून लवकर मोकळे झाले. "थरथरत्या हाताचं हे काम नाही. घरी बस, आराम कर," म्हणाले, आणि तेही सगळ्या पोरींसमोर.

"आराम मांगतला कोनं यायले?" अकोल्याला परतल्यावर ती अब्बांवर उखडली, जणू त्यांनीच काढलं होतं. घरातलं बोलणं उर्दूत चालायचं, पण भांडायला बापलेकींना वऱ्हाडीच लागायची. "हालते तं हालू द्या. मी दुसरा हात बनवीन!"

अब्बा, अब्दुल रहीम, पिढीजात पिंजारी. पुढे त्यांचं गाद्यांचं दुकान, मागच्या खोलीत आता लेकीचा पसारा. मोडक्या प्रिंटरच्या दांड्या आणि मोटरी, माशांच्या टाकीचा पंप हवा ओढेल असा उलटा जोडलेला, त्याच्या नळीला टोक घासलेली इंजेक्शनची सुई. सुईने पार्ट ओढून धरायचा, दांड्यांवरून सरकत बोर्डावर न्यायचा, जागेवर टेकवून हवा सोडायची. सगळं ती मोबाईलवर बघून बघून शिकली. गादीवाल्याची पोरगी रोबोट करून राहिली म्हणे, असं गल्ली हसली. हसा म्हणावं. चार महिने ती कुणाला बधली नाही.

मशीन उभं राहिलं, पण इतकं हादरायचं की पार्ट वाटेतच गळून पडायचे. अब्बांनी न विचारता त्याच्या मापाची गादी शिवली, नव्या रुईची, दाट टाक्यांची, आणि मशीन उचलून तिच्यावर ठेवलं. हादरे थांबले. दोन दिवसांनी सुई बंद. साफ केली, पुन्हा बंद. गुलनारने पंप खोलला, नळ्या बदलल्या, आठवडा घालवला. शेवटी सुई भिंगाखाली धरली, तर आत रुईचा तंतू. गादीतून रुई उडत होती आणि पंप ती इमानेइतबारे ओढत होता. पिंजाऱ्याच्या घराशिवाय मशीनला रुईची गादी घालणार तरी कोण!

अब्बा ओशाळले. "काढून टाकू काय?"

"काहून? गच्च विणीची खोळ शिवा."

खोळ चढली, पण एखादा तंतू तरीही यायचाच. त्या घराच्या हवेतच रुई होती.

मग तिने विपुलभाऊंना फोन केला. हंगाम तोंडावर होता आणि कारखान्यात हात कमी होते, हे तिला ठाऊक होतं. "यून पाहा. तुमच्यासमोर एक बोर्ड भरून दाखवीन. एक पार्ट चुकला तं पुन्हा तुमाले फोन करनार नाही."

ते आले. गुलनारने उजवा हात ओढणीखाली घेतला. कारखान्यातून निघाल्यापासूनची ती सवय. डाव्या हाताने मशीन चालू केलं. टक, टक, एकेक पार्ट बसू लागला. नव्वदपैकी साठ बसले आणि पंप घुसमटला. सुई बंद.

विपुलभाऊंनी घड्याळ पाहिलं. "आन इकडे, मी काढतो. तुह्यानं नाही होनार." अब्बाही उठले.

"कोनी हात लावू नका!"

तिने उजवा हात ओढणीतून काढला. बारीक तार घेतली. तारेचं टोक सुईच्या तोंडापुढे हलत राहिलं. पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदाही. विपुलभाऊ दुसरीकडे बघू लागले, तेव्हा तिला असा संताप आला की लाज कुठल्या कुठे गेली. "इकडे पाहा," ती म्हणाली. तिसऱ्यांदा तार आत गेली आणि रुईची गुंडी घेऊन बाहेर आली. "हालते. पन काम करते."

मशीन थांबलं होतं तिथून पुढे निघालं. नव्वदावा पार्ट बसल्यावर विपुलभाऊंनी भिंग लावून दोनदा तपासलं. एकही वाकडा नव्हता.

"मशीन कारखान्यात लावू," ते म्हणाले. "तूही चाल. मशीनवर तूच बस."

"मशीनही येनार नाही, मीही येनार नाही. बोर्ड अथी पाठवा."

"बरं, पाठवतो."

"असं नाही. मले काढलं सगळ्याइसमोर. आता फोन लावा, स्पीकरवर घ्या, अन् सगळ्याइले सांगा, बोर्ड कोन भरनार हाये ते."

विपुलभाऊंनी अब्बांकडे पाहिलं. अब्बा गादीचा टाका तपासत बसले होते, मान वर करेनात. शेवटी विपुलभाऊंनी खिशातून मोबाईल काढला. तिकडे घंटी वाजत होती. गुलनारने दुसरा बोर्ड उजव्या हातात घेतला आणि मशीनवर लावायला सुरुवात केली, सावकाश, दोघांनाही तो हात दिसेल असं.