एकतिसाव्या पेटीचं वजन

देणगीत आलं ते एवढं: पुठ्ठ्याच्या पेट्या एकतीस, चष्मे चार (एकाला काच नाही), शाईची पेनं अकरा, त्यांतलं चालणारं एक, आणि एक टेबल, ज्याचा चौथा पाय बाकीच्या तिघांपेक्षा सहा मिलिमीटरने आखूड होता. पायाचं माप पावतीवर लिहायची काही गरज नव्हती. पण विद्यापीठाच्या ग्रंथालयात, जुन्या कागदपत्रांच्या विभागात नुकतीच लागलेली मुलगी भौतिकशास्त्राची पदवीधर होती, आणि हातात पट्टी असताना एखादी गोष्ट न मोजता सोडणं तिला पानात अन्न टाकल्यासारखं वाटायचं.

शेजारच्या खोलीत पुस्तकं बांधणारे काका बसत. त्यांनी पावती वाचली आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"पेनं मोजलीस ते ठीक. शाई किती उरलीय ते नाही लिहिलंस?"

"दहांमध्ये वाळलीय, काका. वाळलेल्या शाईचं माप घेणं अवघड आहे."

त्या दिवसापासून तिचं नाव मिलिग्रॅम पडलं. पहिले दोन दिवस तिला तो गौरव वाटला.

हे सगळं सामान एका कादंबरीकार बाईंचं होतं. साठ वर्षं लिहून झाल्यावर, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर केलं होतं की आता पुरे. मग त्या मुलाच्या घरी राहायला गेल्या आणि लेखनाचा सगळा पसारा कपाटांसकट विद्यापीठाला देऊन मोकळ्या झाल्या. कपाटं इतिहास विभागाने परस्पर पळवली. पेट्या ग्रंथालयात आल्या. त्यांतून एक प्रदर्शन मांडायचं होतं. प्रदर्शनाचं नाव ठरलं होतं 'पूर्णविराम'.

तीस पेट्यांबद्दल काही अट नव्हती. एकतिसाव्या पेटीच्या झाकणावर मात्र बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, "माझ्या हयातीत उघडू नये." ती पेटी कापडी फितीने बांधून, बाकीच्यांपासून वेगळी, मागच्या भिंतीलगत सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलेली होती.

मिलिग्रॅमची नोकरी सहा महिन्यांच्या कराराची. ती तीन वर्षांची करायची की नाही, हे समिती ठरवणार होती. ग्रंथपाल सर भले माणूस. त्यांनी तिला आधीच सुचवून ठेवलं होतं, "काहीतरी वेगळं करून दाखव. भौतिकशास्त्र झालंय ना? मग इथे कर की ते."

तिने केलं. कागद हवेतली ओल पितो आणि तेवढा जड होतो. म्हणजे पेट्यांचं नियमित वजन केलं की कुठे ओल शिरतेय ते पेटी न उघडता कळेल. कल्पना सुंदर होती, निदान तिला तरी तशी वाटत होती. दर गुरुवारी सकाळी ती एकतीस पेट्या एकेक करून डिजिटल काट्यावर ठेवू लागली. तीस पेट्या शहाण्यासारख्या जागच्या जागी राहिल्या, एखाद-दोन ग्रॅम इकडे तिकडे. एकतिसावी मात्र अंग धरत होती. सुरुवातीला सहा किलो चाळीस ग्रॅम. मग पंधरा ग्रॅम जास्त, मग दहा, मग वीस, पुन्हा पंधरा, पाच, आणि सहाव्या आठवड्यात एकदम पंचवीस.

मिलिग्रॅमला आनंदाने झोप लागेना. पेटीमागच्या भिंतीतून पाण्याचा पाइप जात होता. फरशी ओल्या फडक्याने पुसली जायची ती बुधवारी. वजन वाढलेलं दिसायचं ते गुरुवारी. आणखी काय हवं? तिने आलेख काढला, त्याला निळा रंग दिला आणि खाली एक प्रामाणिक टीप लिहिली: "प्रत्येक वाढ पाचाच्या पटीत येते, काटा पाचाच्या आकड्यावर अडकत असावा." बाकीच्या तीस पेट्यांच्या वेळी तो का अडकत नाही, हा प्रश्न तिला पडला नाही. शास्त्रज्ञाला सगळेच प्रश्न पडून कसं चालेल?

ग्रंथपाल सर आलेखावर खूश झाले. हवा कोरडी करणाऱ्या यंत्राची मागणी तयार झाली. "गुरुवारी समितीसमोरच पेटी उघडू," ते म्हणाले. "एकेक पान टेबलावर पसरून वाळवू. अट आहे ती वाचण्याविरुद्ध, वाळवण्याविरुद्ध नाही. बाईंचे चिरंजीव समितीवर आहेत, त्यांनी परवानगी दिलीय. तुझा आलेख प्रदर्शनात लावू, मोठा करून."

संध्याकाळी तिने आईला फोन केला.

"म्हणजे कायम होणार का तू?" आईने विचारलं.

"तीन वर्षांसाठी, आई."

"आणि ते कशामुळे म्हणालीस?"

"एक पेटी जड होतेय म्हणून."

"बरं," आई म्हणाली. "जेवलीस का?"

समितीच्या आदल्या दिवशी, म्हणजे बुधवारी, लेखिकाबाई नेहमीप्रमाणे अकरा वाजता आल्या. प्रदर्शनातल्या फोटोंमध्ये कोण कोण आहे ते सांगायला त्या दर बुधवारी यायच्या, पेट्यांच्या खोलीतच बसायच्या, आणि अर्ध्या तासाने न चुकता म्हणायच्या, "जा गं, चहा पिऊन ये. बसून पी. उभ्याने प्यालं की पित्त होतं." एवढी मोठी लेखिका आपल्या पित्ताची काळजी करते, याचं मिलिग्रॅमला फार अप्रूप होतं.

त्या दिवशी कँटीनमधला गॅस संपला होता. ती तशीच परत फिरली.

लेखिकाबाई मागच्या भिंतीशी स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर एकतिसावी पेटी, फीत सुटलेली, झाकण बाजूला. स्वेटरच्या आतून त्यांनी घडी घातलेले कागद काढले आणि पेटीत सरळ करून ठेवले. तीन कागद होते.

"बाई..." मिलिग्रॅमच्या तोंडून एवढंच निघालं.

"आत ये आणि दार लाव."

तिने दार लावलं. "ही पेटी उघडायची नाही ना?"

"अट मी घातली. मला थोडीच लागू?"

"पण तुम्ही लिहिणं थांबवलंय. पेपरात आलं होतं."

"चांगलं लिहिणं थांबवलं." बाईंनी कागदांवरून हात फिरवला. "साठ वर्षं चांगलं लिहिलं, ते सगळं छापलं. वाईट लिहिलं ते या पेटीत. तेवढं एकच कुणासाठी नाही लिहिलं गं. आता म्हातारपणी तर इतकं वाईट जमायला लागलंय की काय सांगू! काल एका पानात सात वेळा 'तिच्या अंगावर शहारे आले' लिहिलं. थंडीचं कुठे नावही नाही."

"मग घरीच का नाही ठेवत?"

"मुलाच्या हाती लागलं की संपलं. चांगला आहे तो, तीच तर अडचण आहे. माझं चिठोरं दिसलं की प्रकाशकाला फोन लावतो. माझी किराण्याची यादी तेवढी छापायची राहिलीय."

"कुठेतरी लपवून..."

"कशात? कपाटं तुम्हीच नेलीत."

"मग फाडून टाकायचं."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. "तू आकडे फाडतेस?"

मिलिग्रॅमकडे शाळेतल्या पहिल्या प्रयोगवहीपासून सगळ्या वह्या होत्या. तिने विषय बदलला, "दारावर कसं नाही कुणी अडवलं तुम्हाला?"

"दारावरचा शिपाई बाहेर जाणाऱ्यांची झडती घेतो. आत येणाऱ्याला नमस्कार करतो. ग्रंथालयात काही चोरून ठेवायला कोण येतं?"

मिलिग्रॅम मनात हिशोब करत होती. एक कागद म्हणजे पाच ग्रॅम. तीन पानं, दोन पानं, चार पानं. ओल कधी पाचाच्या पाढ्यात येते का? नव्वद ग्रॅम म्हणजे अठरा पानं, आणि ती सगळी तिच्याच चहाच्या वेळेत आत गेली होती. साप समजून भुई धोपटावी तशी ती सहा आठवडे भिंत धोपटत होती, आणि तेही रंगीत आलेख काढून.

"बाई, उद्या ही पेटी उघडणार आहेत. समितीसमोर. एकेक पान पसरून. तुमचे चिरंजीव असतील."

बाईंचा चेहरा पहिल्यांदाच ब्याऐंशी वर्षांचा दिसला. "का?"

"ओल लागलीय म्हणून."

"कोण म्हणालं असं?"

"मी."

बाईंनी झाकण लावलं आणि फीत बांधायला घेतली. गाठ बसेना. मिलिग्रॅमने खाली बसून ती बांधली.

"तुझी नोकरी त्या ओलीवरच आहे का गं?" बाईंनी विचारलं.

"थोडीफार."

"मग राहू दे," बाई म्हणाल्या. "म्हातारीची लाज ती किती दिवसांची?" आणि जाताना त्यांनी चहा झाला का, तेही विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी सभेच्या खोलीत दोन प्राध्यापक, बाईंचे चिरंजीव आणि ग्रंथपाल सर बसले होते. टेबलावर पांढरी चादर अंथरलेली, मधोमध एकतिसावी पेटी. काका कागद हाताळायचे हातमोजे घालून तयार उभे. भिंतीवर निळा आलेख.

"आमच्या भौतिकशास्त्रज्ञ," सर अभिमानाने म्हणाले.

मिलिग्रॅम उठली. रात्रभर तिने एकच ठरवलं होतं: खोटं बोलायचं नाही. खोटा आकडा तिच्या तोंडून निघालाच नसता.

"हा आलेख चुकीचा आहे," ती म्हणाली.

सरांचा हात पेटीच्या फितीवर होता, तो तिथेच थांबला.

"प्रत्येक वाढ पाचाच्या पटीत आहे. ओल अशी मोजून मापून येत नाही. मला ओल शोधायची होती, म्हणून मला ओल दिसली. काटा ठीक आहे, भिंत ठीक आहे, कागदही ठीक आहेत. चूक मोजणारीची आहे. पेटी उघडायचं काही कारण नाही."

"पण वजन वाढलंय ना?" चिरंजीवांनी विचारलं. "मग वाढलं काय?"

"या सहा आठवड्यांत? माझा आत्मविश्वास."

एक प्राध्यापक खो-खो हसले. दुसऱ्यांनी विचारलं, "म्हणजे यंत्र घ्यायचं नाही?"

"नाही सर."

"पहिल्यांदाच कुणीतरी या खोलीत येऊन यंत्र नको म्हणालंय," ते म्हणाले आणि मागणीच्या कागदावर काट मारली. चिरंजीवांनी घड्याळ पाहिलं. काकांनी हातमोजे काढले, आणि पेटी परत फळीवर ठेवायला नेताना मिलिग्रॅमच्या कानाशी म्हणाले, "शाई मोजायला सांगितली होती, तेच बरं होतं."

समितीने करार वाढवला, पण तीन वर्षांऐवजी तीन महिन्यांनी. शेऱ्यात लिहिलं, "उत्साही आहेत." आईला कळवल्यावर ती म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण. जेवलीस का?" ग्रंथपाल सर दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला वजन करणं चालू ठेवायला परवानगी दिली, माणसाला एखादा छंद असावा तशी.

पुढच्या बुधवारी प्रदर्शन उघडलं. आलेखासाठी राखलेल्या जागेत आग विझवण्याच्या सूचना लावल्या होत्या. काचेच्या पेटीत चार चष्मे, वर मोठ्या अक्षरात 'पूर्णविराम'. चिरंजीव भाषणात म्हणाले, की आई आता छान आराम करते. लेखिकाबाई पहिल्या रांगेत स्वेटर घालून बसल्या होत्या आणि मान डोलावत होत्या. भाषणं संपायच्या आत त्या उठल्या. मिलिग्रॅम पेट्यांच्या खोलीच्या दाराशी उभी होती, तिथे आल्या.

"फोटोतली एक-दोन नावं राहिलीत बहुतेक," त्या म्हणाल्या.

"हो ना बाई. बसा तुम्ही आत. मी चहा पिऊन येते."

"बसून पी," बाई म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी मिलिग्रॅमने काटा शून्यावर आणला. एक ते तीस पेट्यांमध्ये फरक नव्हता. पेटी क्रमांक एकतीस: सहा किलो एकशे सत्तर ग्रॅम. मागच्या गुरुवारपेक्षा पंचवीस ग्रॅम जास्त.