शिट्टीनंतरचे अंतर

शिट्टी वाजली, तरी अडतीस वर्षांची गाडी बरीच पुढे जाऊन थांबली. मुलीने चुन्याच्या रेघेपासून पुढच्या चाकापर्यंत फीत ताणली. तीस मीटर.

बंद कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर तीन रेघा आखल्या होत्या. कोणत्या रेघेवर शिट्टी वाजवायची, हे फक्त गॅरेजच्या मिस्तरीला ठाऊक. वेग चाळीस. चाचणीची मांडणी वडिलांची, त्यांची उभी हयात प्रयोगशाळेत मापे तपासण्यात गेली होती. आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला तेच नेत. मागच्या खेपेस परतताना गाडी फाटकाच्या खांबावर गेली, तेव्हापासून मुलीने धोशा लावला होता: ही विका, माझी बारा वर्षांची गाडी वापरा. पुराव्याशिवाय विकणार नाही, असे त्यांनी बजावले होते.

मिस्तरीची तुलना मघापासून चालू होती. जुनीचा पत्रा जाड, ब्रेक पायाच्या जोरावर; नवीचा पत्रा पातळ, पण चाके घसरू न देणारी यंत्रणा. म्हातारी रुसली तर दोन चापट्यांत समजते, ही नवी बाई थेट वकील मागते, असे तो म्हणाला. कोणी हसले नाही.

वडील जुनीतून उतरून नव्या गाडीत बसले. आकडा विसाच्या आत यावा, असे मुलीला वाटत होते. वाटण्याने आकडा बदलत नाही, हे तिला त्यांनीच शिकवले होते.

अठ्ठावीस.

दोष ब्रेकचा असता, तर फरक याहून बराच मोठा हवा होता. तिने फीत गुंडाळली, पुन्हा उलगडली.

"आता जुनी तू चालव," वडील म्हणाले. "माणूस बदलल्याशिवाय गाडीचं काही सिद्ध होत नाही."

"कशाला, बाबा? ऊन वाढलंय."

त्यांनी तिच्या हातातून फीत घेतली.

गाडीत बसतानाच तिचे ठरले होते. शिट्टी झाली. तिने मनात 'एक' म्हटले आणि मग पाय दाबला.

एकोणतीस. वडिलांनी तो आकडा वहीत लिहिला नाही. ते खिडकीशी येऊन उभे राहिले.

"मागचा लाल दिवा उशिरा लागला."

ती स्टिअरिंगकडे पाहत राहिली.

"परत घे. आई शेजारी बसलीय, असं समजून."

या खेपेस पाय आपोआप गेला. फीत एकोणीसवरच संपली. मिस्तरी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिला.

वडिलांनी आकडा लिहिला, खाली तारीख घातली. तिने नवी गाडी चालवण्याची चाचणी बाकी होती. त्या चाचणीचा उल्लेख त्यांनी केला नाही. दार उघडून ते तिच्या शेजारी बसले. त्या बाजूचा पट्टा लावायला त्यांना जरा वेळ लागला.

"सोमवारी डायलिसिसला पावणेसातला पोचावं लागतं," ते म्हणाले. "येताना वळणं सावकाश घे. तिला मळमळतं."