मापाचा पंखा

मी पंखा बोलतोय. वर बघू नका, छताचा नव्हे मी. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यामागे पांढऱ्या प्लास्टिकच्या पाटीआड जो वीतभर पंखा फिरत असतो ना, तो मी. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. ज्या घरात मी चार वर्षं फिरलो त्या घरानंही पाहिलं नव्हतं.

लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा, तांब्याच्या तारेचं वेटोळं, पोटात फिरणारा गोळा आणि टोकाला चार पाती, एवढाच माझा जीव. कारखान्यात मला बसवलं, वरून पाटी लावली, स्क्रू पिळले आणि अंधार झाला. मागच्या गारठलेल्या नळ्यांवरून हवा ओढायची आणि पुढं ढकलायची, काही बर्फाच्या कप्प्यात, काही खालच्या कप्प्यात, हे माझं काम. ती हवा पुढं कुठं जाते, कुणाच्या उपयोगी पडते, मला कुणी सांगितलं नाही. दार उघडलं की मी थांबायचो, लागलं की सुरू. त्यामुळं माणसं मला फक्त ऐकू यायची, आणि तीही मी थांबल्यावर.

चौऱ्याण्णव साली मी बंगळूरला कॉटनपेटेत आलो. घर मराठ्यांचं, पण तीनशे वर्षं इथंच मुरलेलं. चुलीजवळ मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. माणसं दोनच: कारखान्यात नोकरीला जाणारा खंडोजी आणि त्याची आई सकवारबाई. बाईचं वय सत्तर. शाळेची पायरी चढलेली नाही. पुडीचे कागद वाचत अक्षरं शिकली आणि नवऱ्याचं शिलाई मशीन तीनदा खोलून तीनदा जोडत मशीन शिकली. ब्लाउज शिवायची. लग्नसराईत मात्र तिचा हात लागायचा तो कळ्यांना.

इकडं नवरीच्या पाठीवर कळ्यांची वेणी सोडतात. मोग्गिन जडे म्हणतात तिला. केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीची, लांब पट्टी घ्यायची, त्यावर मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या एकीला एक लावून सुईदोऱ्यानं शिवायच्या, मधे सोनेरी जर, खाली गोंडा. शिवायला पाच-सहा तास लागतात. म्हणून आदल्या दिवशी शिवायची आणि गार ठेवायची, कारण मोगरा काही तुमच्या मुहूर्तासाठी थांबत नाही. संध्याकाळ झाली की फुलतो, सकाळी पाकळ्या पिवळ्या. सकवारबाईच्या वेण्या माझ्या भरवशावर मिटून राहायच्या. हे मला पुढं कळलं. तेव्हा मी नुसता फिरत होतो.

माणसांची मोठी गंमत वाटायची. दार उघडून उभी राहतात आणि काय घ्यायला आलो ते आठवत बसतात. वाफाळलेलं सार आत ठेवतात आणि म्हणतात, फ्रीज गार करत नाही! दार तर असं आपटतात, जणू मी त्यांच्या सासरचा.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात माझ्या पोटातला, दांडा ज्यात फिरतो तो पितळी बुश झिजला. गोळा डळमळायला लागला, पाती घासायला लागली. आधी किरकिर, मग खरखर, मग आख्ख्या घराला ऐकू जाईल असा खडखडाट.

सकवारबाई पहिल्या दिवसापासून सांगत होती, "खंडू, आत काहीतरी फिरतंय त्याचा बुश गेलाय. माझ्या मशीनचा जातो तेव्हा असाच ओरडतो."

"अव्वा, फ्रीज आहे तो. शिलाई मशीन नव्हे."

मेकॅनिक आला. पाठीमागं हात लावला, मान हलवली, म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला अम्मा. आता बदलून नवीनच घ्या." समोरची पाटी उघडून बघायचे कष्ट त्यानं घेतले नाहीत. न बघता बोलणाऱ्या माणसाला लोक फी देतात, आणि कान देऊन ऐकणाऱ्या बाईला म्हणतात गप्प बस. खंडोजीनं जुना फ्रीज देऊन नवा घ्यायचं ठरवलं. रविवारी टेम्पो येणार होता.

आणि गुरुवारी सकाळी मी अडकलो. पात्यांवर बर्फ चढला आणि थांबलो तो थांबलोच. खालचा कप्पा कोमट व्हायला लागला.

नेमका तोच दिवस. शेजारच्या तानूबाईच्या लेकीचं, स्मृतीचं, लग्न दुसऱ्या दिवशी, पहाटे साडेपाचचा मुहूर्त. तानूबाई उदबत्त्या वळून पोट भरणारी एकटी बाई. स्मृतीला दोन महिन्यांपूर्वी विषमज्वर झाला आणि केस मुठीमुठीनं गळून गेले. नवऱ्याकडच्या बायका बघायला आल्या त्यांनी तिच्या मानेवरून हात फिरवला आणि एकमेकींकडं बघितलं. त्या दिवसापासून पोरगी डोक्यावरचा पदर सोडेना. म्हणाली, "अशी मी मांडवात बसणार नाही." तेव्हा सकवारबाईनं शब्द दिला होता, "कमरेच्या खाली रुळेल अशी वेणी तुझ्या पाठीवर सोडते. मग बघू दे कोण काय बघतंय ते."

कळ्या सकाळी मार्केटातून आल्या होत्या, ओल्या फडक्यात. तानूबाईनं फ्रीजचं दार उघडलं आणि कोमट वारा लागताच खालीच बसली.

"अक्का, आता गं?"

"आता काय? घरमालकाचा फ्रीज आहे ना?"

"त्यात सुकट आहे अक्का! कळ्यांना वास लागेल."

"बर्फावर ठेवू," खंडोजी म्हणाला.

"बर्फानं कळी काळी पडते. तुला कळ्यांतलं काय कळतं? बटण बंद कर आणि आतलं सगळं बाहेर काढ."

"अव्वा, तू फ्रीज खोलणार?"

"नाही, पूजा करणार. काढ!"

पाटीचे स्क्रू फिरायला लागले. एक, दोन, तीन, चार. तिनं ते इडलीपात्राच्या खळग्यांत ओळीनं ठेवले, पहिला पहिल्यात, दुसरा दुसऱ्यात. मग पाटी निघाली.

आणि उजेड! काय सांगू तुम्हाला. चार वर्षं मी ज्याला जग समजत होतो ती एक पेटी होती. समोर खिडकी होती, खिडकीत ऊन होतं, आणि त्या उन्हात एक सुरकुतलेला चेहरा, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. ती माझ्याकडं बघत होती. मला कुणी बघतंय, हेच मला खरं वाटेना.

खंडोजीनं बर्फ फोडायला सुरी उचलली तशी ती कडाडली, "ठेव ती! नळीला भोक पडलं तर गॅस निघून जाईल, मग खरंच टेम्पो बोलवावा लागेल." गरम पाण्यात फडकं पिळून पिळून तिनं बर्फ उतरवला. बोटं लाल झाली. एकदाही घाई नाही. मला सोडवून हातात घेतलं, अंगठ्यानं माझा दांडा हलवून पाहिला. तो लटलटला.

"बघ. बुश," ती म्हणाली.

तानूबाईला तिनं केळीचं सोप कापायला बसवलं, कळ्या निवडायला सांगितल्या, मला कापडी पिशवीत टाकलं आणि रिक्षानं एस. पी. रोडला निघाली. तिथली ती दुकानं! छतापर्यंत तारा, मोटरी, चक्र्या, माझ्यासारखे हजार. मला वाटायचं मी एकटाच आहे.

"मेकॅनिकला पाठवा अम्मा," दुकानदार म्हणाला.

"आलीये की मेकॅनिक. दाखव."

त्यानं माझ्याशेजारी एक नवी मोटर ठेवली. दांडा तेवढाच, भोकं तेवढीच. "सेम अम्मा, सेम." तारा जोडून फिरवून दाखवली. आवाज म्हणून नाही! सकवारबाईचा चेहरा उजळला. दोन महिने तो खडखडाट ऐकून तिचे कान इतके विटले होते की ती त्या शांततेवरच भाळली. फिरते कुठल्या अंगाला, ते बघायचं राहून गेलं.

घरी येऊन तिनं माझी पाती ओढून काढली. दुखलं नाही, पण हलकं वाटलं. ती पाती नव्या मोटरीच्या दांड्यावर बसली, मोटर माझ्या जागेवर, पाटी पाटीच्या जागेवर. बटण दाबलं. फ्रीज सुरू झाला, खडखडाट गायब. खंडोजी हसला, "शाबास अव्वा!"

ती हसली नाही. दार उघडून चौकटीतलं बारीक बटण एका बोटानं दाबून धरलं, म्हणजे दार उघडं असून आतला पंखा फिरत राहतो. दुसऱ्या हातानं शिवणाचा एक दोरा पाटीच्या जाळीपुढं लोंबता धरला. दोरा बाहेर उडायला हवा होता. तो आत ओढला गेला.

"उलटा फिरतोय," ती म्हणाली.

दुपारचे दोन वाजले होते. वेणी पट्टीवर अर्धी शिवून झाली होती आणि वरच्या कळ्यांची टोकं सैल व्हायला लागली होती. तानूबाई डोळ्याला पदर लावून तशीच टाके घालत होती.

"बदलून आणतो," खंडोजी चप्पल शोधायला लागला.

"एस. पी. रोडला जाऊन यायला दोन तास. तोवर इथं फुलांची परडी होईल. बस खाली."

आणि मग तिनं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. नवी मोटर पुन्हा काढली, चटईवर ठेवली आणि तिच्याशेजारी मला ठेवलं. बिनपात्यांचा, झिजलेला, भंगारात जायचा मी!

"नवा ब्लाउज शिवताना बाई मापाचा जुना ब्लाउज आणते का नाही?" ती स्वतःशीच बोलत होती. "हा माझा मापाचा. हा सांगेल."

ती आम्हा दोघांकडं बघत राहिली. किती वेळ, कोण जाणे. मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझा आवाज कुठं उरला होता? तिची नजर माझ्या अंगावरून टाक्याटाक्यानं सरकत होती. आणि मग ती थांबली. लोखंडी गठ्ठ्यात तांब्याची दोन कडी असतात, कुठल्या अंगाला फिरायचं ते तीच ठरवतात. दांडा आपल्याकडं करून धरला तर माझी कडी एका बाजूला, त्याची दुसऱ्या.

"अगं बाई! डावी बाही उजवीकडं जोडलीय की रे यानं!"

"अव्वा, नवी मोटर खोलू नको. गॅरंटी जाईल!"

"कसली गॅरंटी? उद्या पोरगी मांडवात बसेल याची आहे का लिहून दिलेली?"

मशीनचा छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन तिनं नव्याचे दोन स्क्रू काढले, पोटातला गोळा दांड्यासकट बाहेर ओढला, उलटा करून दुसऱ्या बाजूनं घातला, स्क्रू पिळले. दांडा हातानं फिरवून कुठं घासत नाही ना ते कान लावून ऐकलं. पाती बसवली. सत्तर वर्षांची बाई, जिला कुणी काही शिकवलं नाही, तिनं कारखान्यानं ठरवलेली फिरण्याची दिशा चटईवर बसून बदलली. मी लोखंड आहे, मला अंगावर काटा येत नाही. नाहीतर आला असता.

पुन्हा दोरा धरला. तो सरळ आडवा, बाहेर उडाला. खालच्या कप्प्याच्या जाळीशी धरला, तिथंही उडाला.

"सरी," म्हणजे ठीक, एवढंच बोलून ती वेणी शिवायला बसली.

खंडोजी उठला, टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून सांगायला गेला. जाताना आईच्या पायापाशी थबकला. तिनं मान वर केली नाही. "बघत काय उभा राहिलास? येताना सोनेरी जर आण. कमी पडतेय."

पाच वाजता वेणी पूर्ण झाली. मधल्या जाळ्या काढून, ओल्या फडक्यात गुंडाळून ती आत तिरकी उभी केली. कुणीही दार उघडायचं नाही, असा हुकूम सुटला. मी खिडकीच्या कट्ट्यावर पडून होतो आणि आतला तो न ऐकू येणारा वारा ऐकत होतो.

पहाटे सव्वाचारला दार उघडलं. स्मृती नटून उभी होती, पण डोक्यावरून पदर घट्ट. सकवारबाईनं फडकं उलगडलं.

कळ्या! एकही उमललेली नाही. पांढऱ्या, टणक, जणू आत्ता झाडावरून उतरलेल्या, ओळीमागं ओळ, मधे जरीची चमक. चार वर्षं मी हवा ढकलत होतो. ती हवा यासाठी होती, हे मला त्या पहाटे पहिल्यांदा दिसलं. असल्या देखण्या गोष्टीत आपला हात होता आणि आपल्याला पत्ता नव्हता!

सकवारबाईनं स्मृतीचा पदर स्वतः खाली ओढला. मानेपासून कमरेखालपर्यंत वेणी बसवली, पिनांनी पक्की केली. पोरीनं हात मागं नेऊन चाचपली, पुन्हा चाचपली. मग तिनं पाठ दाराकडं केली आणि आईला म्हणाली, "बघ की." तानूबाईला बघवेना, इतकं पाणी आलं डोळ्यांत.

"रडू नका, कळ्यांना ऊब लागते," सकवारबाई खेकसली. "चला, मुहूर्त गाठा."

दुपारी तानूबाई धावत सांगायला आली. अक्षता पडल्या, जेवणाची पंगत बसली, आणि त्यानंतर भर मांडवात स्मृतीच्या पाठीवर कळ्या उमलायला लागल्या. मान वळवून बघायला नवऱ्याकडच्या त्याच बायका सगळ्यांत पुढं होत्या.

आता मी शिलाई मशीनच्या खणात असतो, रिळांच्या शेजारी. गल्लीतल्या बायका दुपारच्या येतात. सकवारबाई मला चटईवर ठेवते, खोलते, जोडते, त्यांच्याकडून जोडून घेते. चुकलं तर बोलते, आणि तिचं बोलणं तुम्ही ऐकलंयच. परवा घरमालकीणबाईंनी मला तीनदा उघडून तीनदा बरोबर बसवलं, मग घरी जाऊन आपल्या फ्रीजला हात घातला.

तेव्हा बायांनो, तुमच्या घरात काही खडखडत असेल तर मेकॅनिकच्या आधी त्याचं ऐका. बटण बंद करा, स्क्रू ओळीनं ठेवा, बर्फाला सुरी लावू नका, आणि जुनं समोर घेतल्याशिवाय नवं बसवू नका. कुणी म्हणेल हे तुझं काम नव्हे, तर त्याला सांगा, स्वल्प बाजूला हो, उजेड अडतोय.