शिंगांची गाडी

ख्रिसमसच्या आधी एकदा तरी डाऊनटाऊनला जाऊन तिथल्या मोठ्या दुकानाच्या सजवलेल्या काचा बघायच्या, हे माझ्या सासऱ्याचं ठरलेलं. ऑर्विल त्याचं नाव. आता ते दुकान कधीच बंद पडलंय. त्या काचांमागे कुठल्याशा कंपनीची पोरं कॉम्प्युटरसमोर जांभया देत बसतात. पण म्हातारा जातो. काचा बघतो, सूप पितो, घरी येतो. मिनियापोलिसात असे म्हातारे पुष्कळ आहेत.

यंदा निघताना माझ्या बायकोनं, मार्लिसनं, मला स्वयंपाकघरात गाठलं.

"ड्वेन, आज बाबांकडून गाडीची किल्ली मागून घे. कायमची."

"का? काय झालं?"

"परवा गाडी घालून शेजाऱ्याची टपालपेटी पाडली त्यांनी. उद्या शेजाऱ्याचं पोर असेल तिथं."

"तुझे बाबा आहेत. तू माग."

"माझं ऐकत नाहीत ते."

"आणि माझं ऐकतात?"

"तुझंही नाही. पण तुझ्यावर चिडले तर मला चालेल."

बाहेर येऊन बघतो तर म्हातारा आधीच गाडी सुरू करून बसलेला. हिरवी ब्युइक, त्याची जुनी लाडकी. मी मुकाट्यानं शेजारी बसलो. एक लाल दिवा त्याला दिसला, पण उशिरा. माझा पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला.

"रस्ते निसरडे झालेत, नाही?" मी म्हणालो.

"बरे आहेत."

"गर्दी पण आहे."

"असते."

आमच्याकडे याला भांडण म्हणतात.

गाडी पार्किंगच्या इमारतीत लावली आणि चालत निघालो. इमारतींना जोडणारे काचेचे पूल आहेत वरून, आत ऊब असते. पण म्हातारा त्यातून जाईल तर शपथ. "नळीतून जायला मी काय उंदीर आहे?" म्हणून मग नाक लाल होईस्तोवर रस्त्यानंच. काचेशी जाऊन उभा राहिला. आत एकानं टेबलावर वीतभर झाड ठेवलं होतं. तेच बघून म्हणाला, "यंदा बरंय." मग सूप झालं. सूप पिताना मागीन म्हटलं, तर त्यानं ब्रेडचा मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला. आता असल्या माणसाकडे किल्ली कशी मागायची? राहिलंच.

परत पार्किंगमध्ये आलो. म्हातारा तरातरा पुढे गेला आणि एका गाडीच्या दाराला किल्ली लावली. गाडी निळी. मागे बाळाची खुर्ची. दोन्ही खिडक्यांना ख्रिसमससाठी लावलेली रेनडिअरची कापडी शिंगं, पुढे लाल नाक. आमची हिरवी पलीकडेच उभी. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"कुलूप गोठलंय," तो म्हणाला आणि उघड्या बोटांनी किल्ली पिरगाळत त्यावर फुंकर मारायला लागला.

तेवढ्यात पिशव्या सांभाळत एक बाई आली. थबकली. म्हाताऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अगं बाई, सॉरी हं!" म्हणाली. "ही माझी असेल. चूक माझीच, तुमच्या गाडीला अगदी खेटून लावली मी. आणि दोन्ही किती सारख्या आहेत ना!"

"थंडीनं काच धुरकटते," ऑर्विल म्हणाला.

"धुरकटते तर! माझा नवराही परवा दुसऱ्याच्याच गाडीशी झगडत होता. मेरी ख्रिसमस हं!"

शिंगं हलवत गाडी खाली उतरून गेली. म्हातारा तिथंच उभा.

"ड्वेन, त्या गाडीला शिंगं होती?"

"होती."

"आपल्या गाडीला आहेत?"

"नाहीत."

मग म्हणाला, "चांगली बाई होती."

"हो."

"हातमोजे फार जाडे आहेत रे माझे. किल्ली नीट धरता येत नाही. घे, तूच चालव."

हातमोजे त्याच्या खिशात होते. मी किल्ली घेतली.

घरापर्यंत डोकं खाल्लं माझं. त्या ट्रकच्या मागे काय चिकटतोस, एवढा हळू का, एवढा जोरात का. दारात उतरल्यावर त्यानं हात पुढे केला. मी जुडगा दिला. मनात म्हटलं, झालं, गेली किल्ली परत. त्यानं गारठलेल्या बोटांनी नख घालून घालून घराची किल्ली तेवढी सोडवली आणि बाकीचा जुडगा माझ्या हातावर ठेवला.

"पुढच्या वर्षी लवकर निघायचं," तो म्हणाला. "तुला गाडी लावायला जागा शोधता येत नाही."