गार तारेतली जोडी

बर्फात चौकी राखलेले आमचे हे, निवृत्त सुभेदार, एमआरआयच्या बोगद्याला नि त्यातल्या ठणठणाटाला घाबरले. डोक्यात गाठ आहे का ते आज कळायलाच हवं होतं. पण अर्ध्यातूनच बाहेर येऊन हे शहराच्या सोडाला भागातल्या तपासणी केंद्रात बाकाला चिकटून बसले.

"मी काय परत आत जायचा न्हाय."

"एवढे सुभेदार नि आवाजाला भ्यालात," मी म्हटलं. लग्नापासून आमचं आमटीतल्या मिठावरसुद्धा कधी पटलेलं नाही.

आमची कीर्ती इथेच गोपालपुऱ्यात कोचिंग क्लासला फिजिक्स शिकवते. ती यांच्याजवळ बसली. "पप्पा, त्या मशीनच्या तारेत करंट एकदाच सोडलाय. वर्षानुवर्षं फिरतोय, अडतच नाही."

"का अडत न्हाय?" प्रश्न पडला की यांची भीती जरा मागे सरते, हे तिला ठाऊक.

"तारेतले अणू हलत असतात. एकटा इलेक्ट्रॉन त्यांच्यावर आपटतो, मतलब अडतो. पण तार खूप गार केली, की जाणारा इलेक्ट्रॉन अणूंना किंचित आपल्याकडे ओढतो आणि त्या ओढीनं मागचा दुसरा खेचला जातो. एरवी एकमेकांना ढकलणारे दोघं, त्यांची जोडी जमते. मग अशा सगळ्या जोड्या एका तालात चालतात. एकालाच अडवायचं तर जोडी तोडावी लागेल, आणि तेवढा जोर त्या थंडीत अणूंत नसतो."

"म्हंजे अडवनारेच जुळवत्यात?"

"हो, पप्पा."

यांनी माझ्याकडे पाहिलं. "हिला आत घेत्यात का इचार."

घेतात, असं केंद्रातले लोक म्हणाले. बांगड्या, मंगळसूत्र, सगळं काढून मी कीर्तीच्या ओंजळीत दिलं. आत यांच्या पायाशी बसले आणि अंगठा धरला. मशीन ठणठणायला लागलं. थोड्या वेळानं ते थांबलं आणि काचेपलीकडून मशीन चालवणाऱ्याचा आवाज आला, "आंटीजी, अंकलजी का पैर मत हिलाइए."

हे तर ओंडक्यासारखे निपचित होते. थरथरत होता तो माझा हात. सकाळपासून मीच जास्त घाबरले होते, म्हणून तर टोमणे मारत होते. मी हात काढून घ्यायला गेले.

तेवढ्यात यांनी पायाची बोटं मुडपून माझं बोट पकडलं. ठणठणाट पुन्हा सुरू झाला, आणि आम्ही दोघंही हललो नाही.