डेपोचं नाक

लेबारीने टँकरच्या तपासनळीचा कॉक पाव वळसा फिरवला आणि ड्रायव्हरच्या नाकाकडे पाहिले. फुस्स करून गॅस सुटला. ड्रायव्हर सानुसी ढिम्म.

"काय ओगा, असं काय बघताय? सासरा जावई पारखतो तसं?" सानुसी सगळ्याच साहेबांना ओगा म्हणे.

"हलू नकोस," लेबारी म्हणाला आणि कॉक आणखी जरासा उघडला.

नाकपुडी हलली नाही, भुवई चढली नाही. मागच्या टँकरवाल्याने हॉर्न दाबून धरला. लेबारीचा अंगठा सवयीने वर गेला, फाटकवाल्याने आडवा दांडा उचलला. टँकर सुटला आणि सानुसीने खिडकीतून डोके काढून सणसणीत शिंक दिली.

"नाक चोंदलंय ओगा! काल काडीवर भाजलेलं सुया मटण आणलं, मटण खातोय की पुठ्ठा, काही कळेना!"

लेबारीचा हात वर गेला तो तसाच राहिला. थांब म्हणायचे, तर का थांब हेही सांगावे लागले असते. टँकर पोर्ट हार्कोर्टच्या रस्त्याला लागला.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. जहाजातून येतो तेव्हा तो अगदी निर्गंध असतो. डेपोत त्यात नासक्या अंड्यासारखी घाण मिसळतात, म्हणजे गळती झाली तर घरातल्या माणसाला आधी कळावे. ती मिसळणारा पंप जुनाट होता, मधूनच रुसायचा. म्हणून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी हुंगून सोडायची, आणि हुंगायचे काम लेबारीचे. अख्खा डेपो त्याला नाकसाहेब म्हणे. त्यानेही ते नाक चांगले वर करून मिरवले होते.

मग हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ उडायला लागली त्या दिवसांत त्याला ताप आला. ताप गेला, वास काही परत आला नाही. सांगितले असते तर फाटकाबाहेर कामासाठी ताटकळणारी दुसरी नाके काय कमी होती? त्याला भीती वाटली, आणि तो गप्प बसला. तेव्हापासून तो ड्रायव्हरांच्या तोंडावर निभावून नेत होता. कॉक उघडायचा, समोरच्याने नाक मुरडले की अंगठा वर.

सानुसीच्या मागच्या दोघांनीही नाके मुरडली. लेबारीला बरे वाटायला हवे होते, पण वाटले नाही. गेल्याच आठवड्यात पंप बंद पडला होता आणि कोणाच्या ध्यानात यायच्या आत पुन्हा सुरू झाला होता. तो पंपाशी जाऊन आला. पाणी प्यायला, पुन्हा गेला. पंप चालू होता. पण सकाळी, सानुसीची गाडी भरताना?

घरी जाताना रिक्षात तो सारखी चुळबुळ करत होता. शेजारची म्हातारी शेवटी वैतागली.

"अरे बाबा, मुंग्या चावतायत का तुला?"

त्याच्या आवारात सात बिऱ्हाडे होती आणि सगळ्यांत मिळून एकच स्वयंपाकघर. शेगड्या अजून पेटल्या नव्हत्या. दाराशी त्याची बायको उगोन्मा कडू पाला निवडत बसली होती. लेबारीने आल्या आल्या रोजचे वाक्य टाकले.

"वा! ओगिरीचा वास पार रस्त्यापर्यंत आलाय!"

आंबवलेल्या बियांचा तो उग्र गोळा म्हणजे कडू पाल्याच्या रश्शाचा जीव. उगोन्माने मान वर केली.

"हो का?" ती म्हणाली आणि परत पाला निवडू लागली.

तेवढ्यात लेबारीला कोपऱ्यात सिलिंडर दिसला. पुसून लख्ख केलेला.

"हा कधी भरलास?"

"आत्ताच. फिडेलिसच्या दुकानात तुमच्या सानुसीची गाडी रिकामी होत होती. म्हटलं, ताजा भरून घ्यावा. उद्या पफपफची ऑर्डर आहे ना, दिवसभर तळण चालेल."

तो सिलिंडरपाशी उकिडवा बसला.

"इकडे ये जरा. वाक. काही येतंय का बघ." त्याने चावी किंचित फिरवली. गॅस फुसफुसला.

उगोन्मा वाकली. त्याची नजर तिच्या नाकावरून हटत नव्हती. ती मात्र सिलिंडरकडे न बघता त्याच्याकडेच बघत राहिली.

"कसला वास?"

"गॅसचा! येतोय की नाही?"

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही."

"नीट हुंग ना, माझे आई!"

"नाही म्हटलं ना. पाण्याला येईल तेवढाही नाही."

त्याने चावी आवळली. सानुसीची गाडी अजून दुकानांतून फिरत असणार, आणि रात्रीच्या स्वयंपाकाची वेळ होत आली होती. आवारात फोन लागत नसे. तो धावतच नाक्यापर्यंत गेला आणि डेपोच्या इबिये मॅडमना फोन लावला.

"मॅडम, सानुसीची गाडी थांबवा. फिडेलिसचं दुकान बंद करायला सांगा. गॅसला वास नाहीये."

"अरे, पण सकाळी तूच सोडलीस ना ती?"

"सोडली. पण हुंगली नव्हती." त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला वास येतच नाही, मॅडम. हरमॅटनपासून."

"गाडी थांबवते," मॅडम म्हणाल्या. "उद्या येताना तुझा बिल्ला घेऊन ये."

तो परतला तेव्हा शेजारची प्रेशसची आई स्वयंपाकघराच्या दारात लुंगीच्या पदराने वारा घालत होती.

"कोणी सोडला गॅस? काय घाण सुटलीय! नाकातले केस जळाले माझे! अहो नाकसाहेब, तुम्ही घरात असून ही तऱ्हा?"

लेबारी जागीच थिजला. उगोन्मा आत खिडक्या उघडत होती.

"तुला वास आला होता," तो म्हणाला.

"आला होता."

"मग खोटं का बोललीस? नोकरी गेली माझी, उगोन्मा!"

"ओगिरी कधीची संपलीय घरातली," ती म्हणाली. "नव्या वर्षापासून आणलेलीच नाही. रोज येतोस आणि रोज वाहवा करतोस. तू कधी सांगशील म्हणून वाट बघत होते. तू रोज खोटं बोललास, मी एकदाच बोलले." तिने शेवटची खिडकी ढकलली. "आणि पंप खरंच बंद असता तर? या शेगडीपाशी मी असते. ती प्रेशस इथंच रांगत असते."

त्याला राग आला होता. पण तो कोणावर काढावा, हे त्याला कळेना. तो दाराशी बसला आणि तिचा राहिलेला पाला निवडू लागला.

जेवायला बसल्यावर तिने वाटी पुढे सरकवली. त्याने फुफूच्या मऊ गोळ्याचा घास रश्शात बुडवला, नाकाशी नेला आणि थांबला.

"कसा झालाय?" तिने विचारले.

"मला कळत नाही," तो म्हणाला. "तू सांग."

उगोन्मा जवळ सरकली आणि त्याच्या वाटीवर वाकली.

"पाला जरा जास्त शिजलाय," ती म्हणाली. "पण सुक्या माशाचा वास छान येतोय."