लवंगेपुरता वास

चतुराबाईंनी लवंगेची पूड चिमटीत धरून नाकाशी नेली आणि नेहमीसारखी मान डोलावली. वास आला नव्हता. हिवाळ्यातल्या तापापासून कशाचाच येत नव्हता.

गॅसवरच्या स्टीलच्या गंजात गूळ विरघळला होता, कैरीच्या फोडी काचेसारख्या होत आल्या होत्या. देवापुढे वाटी ठेवल्याशिवाय या घरात गुळांबा कुणी जिभेला लावत नसे. करणारीनं तर नाहीच. मसाला त्या जन्मभर वासावरच ठरवत आल्या होत्या. नाक गेलं हे कळलं, की ढवळायचा सराटा सुनेच्या हाती जाणार आणि आपण ओसरीवर शेंगा फोडत बसणार. म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

खिडकीपलीकडून शेजारच्या रुपाबाईंची हाक आली.

"काय वं चतुरा, यंदा वाटीभर भेटते का नाई?"

"वाटीनं तुयं काय होते? डबाच घेऊन ये!"

हसता हसता चतुराबाईंच्या हातातला सराटा थांबला. अंगणात कपडे वाळत घालणारी सून निता धावत आत आली.

"आई, बुडाले लागून राह्यलं!"

"काय करपलं वं?" रुपाबाईंनी विचारलं.

"दूध ओतू गेलं, मावशी," निता म्हणाली आणि तिनं खिडकी लोटून घेतली.

तिनं गंज उतरवला. तळाला धक्का न लावता वरचा गुळांबा दुसऱ्या पातेल्यात अलगद ओतला. चतुराबाई सराटा धरून तशाच उभ्या होत्या. अंगणातल्या सुनेला आलेला वास गॅससमोरच्या सासूला आला नव्हता.

 पातेलं बारीक आचेवर ठेवून नितानं लवंगेच्या पुडीची वाटी सासूपुढे सरकवली आणि वाफेवर वाकली.

"अजून नुसती कैरीच येऊन राह्यली. लवंग नाई."

चतुराबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी एक चिमूट टाकली, सराटा फिरवला.

"आली. पण गुळाच्या मांगं हाये थोडी," निता म्हणाली.

आणखी अर्धी चिमूट. भिंतीपलीकडे रुपाबाईंची बादली वाजली. चतुराबाईंनी आवाज अगदी खाली आणला.

"आन आता?"